दोन पन्नास

रात्री दीड वाजता फार्गोच्या या टोकाला
दोनच ठिकाणी दिवे असतात,
बेकरीत आणि आमच्याकडे.
बेकरीच्या दारावर मात्र
पिवळ्यावर जांभळी तीन पाती नसतात.

हातमोजे चढवायच्या आधी मी अंगठी घालते.
लग्नाची नव्हे, ती लॉकरमध्ये.
ही अंगठी माझ्या बोटांना किती पोहोचलं ते गुपचूप साठवते
आणि महिनाअखेरीस
कुठल्या तरी परक्या माणसाला जाऊन सांगते.

मग शिशाच्या काचेआडून धार काढायची.
आमच्या धंद्यात गायच म्हणतात तिला,
बादलीएवढी, बिनशिंगांची,
सोमवारी ट्रकमधून उतरते, पुढच्या सोमवारपर्यंत आटत येते.
माझे आजोबा टोर्वाल्ड चाळीस गाई पिळायचे,
पहिली धार काळ्या वाटीत घेऊन निरखायचे,
गाठी दिसल्या तर ती चरवी घरात येत नसे.
मी मॉलिब्डेनम शोधते.
ते उतरलं असेल
तर माझीही चरवी बाहेर जात नाही.

एरवी घाई, नुसती घाई.
दर सहा तासांनी हे औषध निम्मं होतं.
सिरिंज दिसायला तेवढीच भरलेली,
आतला जीव मात्र ओसरत चाललेला.
सेनाद व्हॅन चालू ठेवून उभा.
जेम्सटाउन, त्र्याण्णव मैल, रस्त्यावर बर्फ.
शिशाच्या डबीवर लेबल: ए. ल्युब्के, हृदय, सकाळी सात.

त्या रात्री न कळवता क्वाले आले.
राज्याचे इन्स्पेक्टर.
बुटांवरचा बर्फ दाराबाहेर झाडला,
कॉफी नको म्हणाले,
आणि माझ्या हातावर मीटर फिरवला
जसं कुणी अनोळखी कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवतं.
मग हवेचा पंखा, सिंकवरची पाटी,
कचऱ्याच्या पिंपांवरच्या तारखा.
प्रत्येक पिंपापाशी ओठ हलवत हिशोब केला.
मग वही उघडली.

टेबल पुसून घेतलेली चाचणी:
वेळ दोन पन्नास, आकडा बावीस, खाली माझी सही.
त्यांनी भिंतीकडे पाहिलं.
घड्याळात दोन वीस.

मी म्हटलं, रोज तेवढंच येतं.
म्हटलं, तीन वर्षांत थेंब सांडलेला नाही.
म्हटलं, बाहेर गाडी थांबलीय, तिकडे माणूस उपाशी झोपलाय.
सगळं खरं होतं.

"सांडलंय असं मी कुठे म्हणतोय?" क्वाले म्हणाले.
"दोन पन्नास अजून वाजायचेत, एवढंच म्हणतोय."

ल्युब्केची डबी त्यांनी स्वतः तपासली,
बाहेरून, आतून, लेबलासकट,
आणि सेनादला हातानेच जा म्हणाले.
मला त्याचंच जास्त लागलं.
गाडी अडवली असती तर
रागवायला काहीतरी हाती आलं असतं.

मग आम्ही दोघं स्टुलांवर बसून राहिलो.
अर्धा तास.
त्यांनी विचारलं, टोर्वाल्ड यस्तेबोचीच नात ना तुम्ही?
त्यांच्या वडिलांनी आजोबांकडे दूध मोजायची नोकरी केली होती,
सरकारी,
आजोबा त्याला शिव्या घालायचे म्हणे.
मला माहीत होतं. शिव्यासुद्धा माहीत होत्या.

दोन पन्नासला मी टेबल पुसलं,
बताशाएवढी कागदाची चकती मोजणीच्या खोबणीत ठेवली.
एक मिनिट लागतं.
एवढं लांब मिनिट मी बाळंतपणातही पाहिलं नव्हतं.

एकतीस.
मर्यादेच्या कितीतरी आत.
बावीससुद्धा आतच होते.
मधल्या नवांनी कुणाचं काही बिघडत नव्हतं,
ना माझं, ना ल्युब्केचं.

खोडायचं तर एकच रेघ मारायची,
खालचा आकडा वाचता आला पाहिजे, असा नियम आहे.
मी रेघ मारली.
बावीस दिसत राहिले.
शेजारी एकतीस, वेळ, सही.
क्वालेंनी नोटिशीचा कागद फाडून माझ्यापुढे सरकवला
आणि आता चालेल म्हणाले, कॉफी.